बेडकाच्या पोटातलं जंतर-मंतर

पावसाची पहिली सर पडली, डबक्यात डराव-डराव सुरू झालं, की आपण बेडकाची उडी बघतो, त्याचे बटबटीत डोळे बघतो, माशी गट्टम करणाऱ्या जिभेचं कौतुक करतो. पण त्या जिभेच्या खाली कोण बसलंय, माहीत आहे का?

जंत!

थांबा, पान उलटू नका! जीभ ही तर नुसती सुरुवात आहे. कानाची नळी, फुफ्फुस, मूत्राशय, मूत्रपिंड, स्नायू, कातडी... बेडकाचा कुठलाही अवयव घ्या, तिथे मुक्काम ठोकलेला एखादा स्पेशालिस्ट कृमी निघतोच. चला, टॉर्च घ्या आणि आत शिरा. किळस फार तर पहिली दोन मिनिटं येईल. त्यानंतर फक्त ‘वॉव!’

आधी स्टारकास्टची झटपट ओळख. पानासारखे चपटे ते पर्णकृमी. लांबच लांब फितीचे ते पट्टकृमी. दोऱ्यासारखे गोल ते सूत्रकृमी. डोक्यावर आकड्यांची सोंड घेऊन फिरणारे काटेरी डोक्याचे कृमी. आणि यांचे यजमान? बेडूक, भेक, सॅलमँडर, न्यूट आणि बिनपायांचं देवगांडूळ. सगळ्या उभयचरांच्या मिळून आठ हजारांहून जास्त जाती. म्हणजे जागेची टंचाई अजिबात नाही!

कान भरणारा पाहुणा

उत्तर अमेरिकेतल्या ‘ग्रीन फ्रॉग’चं तोंड उघडा. जिभेखाली चिकटलेला दिसेल हॅलिपेगस ऑक्सिड्युअॅलिस. त्याचा भाऊबंद हॅलिपेगस एक्सेंट्रिकस आणखी पुढे गेलाय. तो राहतो बेडकाच्या घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीत. कान भरणारे पुष्कळ पाहिले असतील, हा अक्षरशः कानात बसतो.

आता याचा प्रवास ऐका. अंडी बेडकाच्या तोंडातून पोटात, तिथून विष्ठेतून पाण्यात. पाण्यातून गोगलगायीत. गोगलगायीतून शिंपल्यात राहणाऱ्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या एका जलजीवात. त्याला खाणाऱ्या चतुराच्या अळीत. आणि चतुर बेडकाच्या घशात गेला, की घरी! चार यजमान, एक आयुष्य. कुठलाही एक टप्पा चुकला तर खेळ खलास.

यातला तिसरा टप्पा तर ॲक्शन सिनेमाच. गोगलगायीतून बाहेर पडलेलं हॅलिपेगसचं पिल्लू पोहत नाही, तळाशी गप्प पडून राहतं. तो इवला जलजीव येतो, खाऊ समजून तोंड लावतो. लावलं की संपलं! पिल्लाच्या कोषातून एक बारीक नळी सटकन बाहेर उडते, त्याच्या आतड्याची भिंत भेदते आणि त्या नळीतून पिल्लू थेट त्याच्या अंगात. खायला आलेला स्वतःच फस्त.

आणि माहीत आहे का, या जिभेखालच्या मुक्कामाचा शास्त्रज्ञांना केवढा फायदा झाला? एरवी बेडकातले कृमी मोजायचे तर बेडूक मारावा लागतो. इथे फक्त ‘आ कर’ म्हणायचं! नॉर्थ कॅरोलिनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे जेराल्ड एश आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चार्लीज पाँड नावाच्या छोट्याशा तळ्यावर हेच केलं. बेडूक पकडा, खूण करा, तोंड उघडा, कृमी मोजा, सोडून द्या. पुन्हा पकडा, पुन्हा मोजा. डेंटिस्टची व्हिजिट, पण बेडकाची!

इथेच एक मोठी गोष्ट कळते, म्हणून अर्धा मिनिट थांबू या. बेडकाच्या तोंडात हॅलिपेगस सापडला, याचा अर्थ त्या तळ्यात योग्य ती गोगलगाय आहे, तो इवला जलजीव आहे, चतुर आहेत आणि बेडूक तर आहेतच. एक कृमी आणि अख्ख्या तळ्याचा हजेरीपट हातात! म्हणून बेडकात भरपूर प्रकारचे कृमी दिसले, की परजीवींचे अभ्यासक नाक मुरडत नाहीत, खूश होतात. भरलेलं पोट म्हणजे भरलेलं तळं.

कात टाकली, कात्रीत सापडला

बेडूक कात टाकतो, हे ठाऊक आहे. पण ती टाकून देत नाही, खातो, हे माहीत आहे का? आपलीच जुनी कातडी ओढून ओढून तोंडात कोंबतो आणि गिळतो. झीरो वेस्ट!

या सवयीवर डोळा ठेवून बसलेत डिप्लोडिस्कस आणि त्याचा अमेरिकन नातलग मेगॅलोडिस्कस. यांची पिल्लं बेडकाच्या कातडीवरच कोष करून बसतात. बेडूक कात गिळतो, कोष पोटात जातो आणि कृमी आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला जाऊन मोठ्या चोषकानं घट्ट चिकटतो. यजमानानं स्वतःच्या हातानं केलेली होम डिलिव्हरी. डिप्लोडिस्कस आपल्या भारतीय बेडकांतही सापडतो. प्राणिशास्त्राच्या जुन्या विद्यार्थ्यांनो, आठवतंय? २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राण्यांच्या विच्छेदनाला पूर्णविराम देण्याआधी ट्रेमधल्या बेडकाचं मलाशय उघडलं की वळवळणारी मंडळी दिसायची, त्यांत हेही असायचे.

वॉटरफ्रंट फ्लॅट, फ्लॅटमध्ये फ्लॅटवर्म

बेडकाच्या देहातली प्राइम प्रॉपर्टी कुठली? मूत्राशय! चोवीस तास पाणी, शांतता आणि बाहेर जायला थेट रस्ता. इथला मानकरी आहे पॉलिस्टोम. मागच्या टोकाला सहा चोषक, जोडीला आकडे आणि पोटात बेडकाचं रक्त.

युरोपातल्या कॉमन फ्रॉगमध्ये राहणाऱ्या पॉलिस्टोमा इंटेजेरिमम याचं टायमिंग बघा. बेडूक वर्षातून एकदा, वसंतात, पाण्यात अंडी घालायला येतो. तो पाण्यात उतरतो तेव्हाच कृमीही अंडी सोडतो. बेडकाच्या शरीरात विणीचे हार्मोन वाढले की कृमीला निरोप मिळतो: चला, सीझन आला! अंड्यांतून निघालेली पिल्लं बेडूकमाशांच्या कल्ल्यांवर जाऊन बसतात. बेडूकमाशाचा बेडूक होताना कल्ले जातात, तेव्हा ती सामान उचलून मूत्राशयात शिफ्ट होतात.

पण थांबा. पिल्लाला अगदी लहान, बाहेरचे कल्ले असलेला बेडूकमासा मिळाला तर? तर ते मूत्राशयाची वाटच बघत नाही. कल्ल्यावरच झटपट वयात येतं, अंडी घालतं आणि बेडूकमाशाचे कल्ले जाताना मरतं. मोठा बेडूकमासा मिळालेला त्याचाच भाऊ मात्र सावकाश वाढतो आणि पुढे मूत्राशयात वर्षानुवर्षं राहतो. एकाच आईची लेकरं, दोन वेगळी आयुष्यं आणि ठरवणार कोण? पहिल्या दिवशी मिळालेला पत्ता.

तरी खरा हीरो अजून यायचाय. टाळ्या तयार ठेवा.

अमेरिकेतलं सोनोरन वाळवंट, अॅरिझोना. इथे राहतो स्पेडफूट भेक. मागच्या पायांवर फावड्यासारखी कडक धार. तिनं जमीन खणून हा स्वतःला गाडून घेतो आणि वर्षातले दहाएक महिने तिथेच काढतो. जुलैत वळवाचा पाऊस कोसळला की बाहेर येतो, तात्पुरत्या डबक्यात मोजक्याच रात्री गाणं, लग्न, अंडी उरकतो, वाळवीवर ताव मारतो आणि पुन्हा गडप.

आता सांगा, अशा यजमानाच्या मूत्राशयात राहणाऱ्या कृमीनं वंश वाढवायचा कसा? पिल्लं सोडायला पाणी हवं. यजमान पाण्यात असतो वर्षातल्या फक्त त्या मोजक्या रात्री. तिथे अंडी घालून उबायची वाट बघत बसलं तर डबकं आटेल, भेक निघून जाईल, सगळं बोंबलेल.

स्यूडोडिप्लॉर्किस अमेरिकॅनस नावाच्या या पठ्ठ्यानं काढलेली युक्ती ऐकून सलाम ठोकाल. तो अंडी बाहेर टाकतच नाही. यजमान जमिनीखाली झोपलेला असताना हा आपल्या गर्भाशयात पिल्लं वाढवत राहतो, साठवत राहतो, महिनोन्‌महिने. शेकडो पिल्लं पूर्ण तयार, फक्त दार उघडायची वाट. पाऊस पडतो, भेक डबक्यात उडी मारतो, जोडी जुळते आणि त्याच क्षणी पिल्लांचा लोंढा पाण्यात. ती पोहत वर येतात आणि पाण्यात तरंगणाऱ्या दुसऱ्या भेकांच्या नाकपुड्यांत घुसतात. नाकातून फुफ्फुसात. तिथे थोडे दिवस मोठं व्हायचं आणि मग पोटातल्या आम्लातून, आतड्यातल्या पाचकरसांतून वाट काढत थेट मूत्राशय. या धोकादायक प्रवासासाठी त्याच्या त्वचेत संरक्षक द्रव्याच्या बारीक पिशव्या तयार असतात. ब्रिस्टल विद्यापीठाच्या रिचर्ड टिन्स्ली यांनी या कृमीचं आयुष्य वर्षानुवर्षं उलगडलं. त्यांचं काम वाचलं, की एकच प्रश्न उरतो: यावर अजून कुणी पिक्चर कसा नाही काढला?

याच घराण्यातले आणखी दोन नमुने बघून घ्या. मडपपी हा अमेरिकन सॅलमँडर आयुष्यभर कल्ले ठेवून पाण्यातच राहतो. मग त्याचा पॉलिस्टोम, स्फायरॅन्युरा, तोही जन्मभर कल्ल्यांवरच. शिफ्टिंगची कटकटच नाही! आणि दुसरा नमुना? माहीत आहे का, या बेडूकप्रेमी कुटुंबातला एक मेंबर चक्क पाणघोड्याच्या डोळ्यात, पापणीखाली राहतो? नाव ऑक्युलोट्रेमा हिप्पोपोटॅमी. बेडकाच्या लघवीपासून पाणघोड्याच्या डोळ्यापर्यंत. करिअर असावं तर असं.

दम आहे का दम?

आता फुफ्फुसं. इथे दोन पार्ट्या.

पहिली हिमॅटोलीकस, रक्तावर जगणारे पर्णकृमी. तिकीट पुन्हा चतुराचंच. बेडकानं चतुर खाल्ला, की हे पोटातून वर सरकून फुफ्फुसात मुक्काम करतात.

दुसरी पार्टी रॅब्डियास, सूत्रकृमी. श्रांक या निसर्गअभ्यासकानं १७८८ मध्ये याची नोंद केली होती. फुफ्फुसातला रॅब्डियास एकाच देहात नर आणि मादी दोन्ही असतो, आधी शुक्राणू, मग अंडी. पण त्याची पिल्लं विष्ठेतून मातीत पडली की पुढच्या पिढीत नर वेगळा, मादी वेगळी. एक पिढी बेडकात, एक पिढी मातीत, आणि दोघींची लैंगिक व्यवस्था निराळी!

आणि ही मातीतली मादी. काळीज घट्ट करा. तिची पिल्लं तिच्या पोटातच उबतात आणि आईला आतून खात खात मोठी होतात. आईची फक्त कातडी उरते, ती फाडून पिल्लं बाहेर. मग बेडकाच्या कातडीतून किंवा डोळ्याच्या खोबणीतून आत शिरायला मोकळी.

रॅब्डियासच्या एका जातीनं तर खंड ओलांडलाय. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये उसाचे भुंगे खायला म्हणून हवाईहून शंभरएक केन टोड आणले गेले. भुंगे राहिले बाजूला, केन टोडच देशभर पसरत सुटले. त्यांच्या फुफ्फुसातला कृमी बरीच वर्षं स्थानिकच समजला जात होता. २००८ मध्ये डीएनए तपासला आणि फुटलं बिंग! हा तर केन टोडबरोबर आलेला, मूळ अमेरिका खंडातला रॅब्डियास स्यूडोस्फेरोसेफॅला. विना पासपोर्ट, विना व्हिसा.

त्याहून भारी गोष्ट पुढे. केन टोडांची आघाडी दरवर्षी पश्चिमेकडे सरकते. त्या आघाडीवरच्या टोडांत हा कृमी सापडतच नाही! टोड इतक्या वेगानं पळतात की कृमी एक ते तीन वर्षं मागे पडतो. आघाडीवर टोड विरळ असतात, एकातून दुसऱ्यात जाणं कृमीला जमत नाही. म्हणजे सगळ्यात पुढे धावणारे टोड अक्षरशः मोकळा श्वास घेत धावतात.

गुड न्यूज आली आणि सोबत कृमीही

प्रेग्नन्सी टेस्ट म्हणजे दोन गुलाबी रेघा? आज हो. पण १९३० च्या दशकापासून कित्येक वर्षं ही टेस्ट बेडकावर व्हायची, माहीत आहे का? ब्रिटिश शास्त्रज्ञ लान्सलॉट हॉग्बेन यांच्या दक्षिण आफ्रिकेतल्या कामातून हे निघालं. स्त्रीच्या लघवीचं इंजेक्शन झेनोपस जातीच्या मादीला द्यायचं. काही तासांत मादीनं अंडी घातली, की पेढे वाटा!

झालं, आफ्रिकेचा झेनोपस जगभरच्या लॅबमध्ये पोहोचला. लॅबमधून काही बेडूक सुटले, काही सोडले गेले, आणि वेल्ससारख्या थंड मुलखातही त्यांनी बस्तान बसवलं. तिथल्या मोकाट झेनोपसमध्ये काय सापडलं? आफ्रिकेचाच पॉलिस्टोम प्रोटोपॉलिस्टोमा झेनोपोडिस आणि आफ्रिकेचाच पट्टकृमी सेफॅलोक्लॅमिस. हजारो किलोमीटर लांब, परक्या पावसात, पण आतलं बिऱ्हाड अस्सल गावचं!

हा जंत चांगला आहे हो!

सगळेच कृमी वाईट? मुळीच नाही. बुलफ्रॉगच्या बेडूकमाशांच्या आतड्यात गायरिनिकोला नावाचा सूत्रकृमी राहतो. बेडूकमासा शाकाहारी, शेवाळ आणि वनस्पती चघळणारा, आतड्याच्या मागच्या भागात त्याचं आंबवणं चालतं. ग्रेगरी प्रायर आणि कॅरेन ब्योर्नडाल यांच्या प्रयोगाचे निकाल २००५ मध्ये आले: कृमी असलेल्या बेडूकमाशांत हे आंबवणं जोरात चालतं आणि ते कृमी नसलेल्यांपेक्षा दोनेक आठवडे आधी बेडूक होतात! बेडूक व्हायची घाई असलेल्या जिवासाठी दोन आठवडे म्हणजे मोठीच कमाई. बेडूक झाला, आहार बदलला, की गायरिनिकोला गायब. काम झालं, टाटा.

पाच पाय, सहा पाय, पायच पाय

आता या फीचरमधला सगळ्यात दणकेबाज किस्सा.

ऑगस्ट १९९५. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं हेंडरसन गाव. शाळेची मुलं सहलीला गेली आणि शेतातल्या तळ्याकाठी बेडूक पकडू लागली. एकाला पाय जास्त, एकाला पायच नाहीत, एकाचे वाकडे. मुलं चक्रावली. बातमी देशभर गाजली. कीटकनाशकं? अतिनील किरणं? पाण्यात विष? जो तो आपला संशयित घेऊन उभा.

एक धागा आधीच सापडलेला होता. कॅलिफोर्नियात अशाच जास्तीच्या पायांच्या बेडकांवर काम करणाऱ्या स्टॅन्ली सेशन्स आणि स्टीफन रुथ यांनी १९९० मध्येच दाखवलं होतं, की बेडूकमाशाच्या पायाच्या कोंबात नुसते बारीक मणी रोवले तरी जास्तीचे पाय फुटतात. म्हणजे विष लागतंच असं नाही, अडथळा पुरतो. पण निसर्गात मणी रोवणार कोण?

पीटर जॉन्सन तेव्हा स्टॅनफर्डमध्ये पदवीचं शिक्षण घेत होता. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॅसिफिक ट्री फ्रॉगचे बेडूकमासे घेतले, त्यांच्याभोवती राइबेरॉया या पर्णकृमीची पिल्लं सोडली आणि वाट पाहिली. जास्तीचे पाय, अर्धवट पाय, पिळलेले पाय, निसर्गात दिसणारे नमुने प्रयोगशाळेत उभे राहिले. १९९९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निकाल छापून आला. विद्यार्थी असताना एवढा मोठा गुंता सोडवणं, यापेक्षा भारी प्रोजेक्ट कुठला?

गुन्ह्याची पद्धत अशी. राइबेरॉयाची पिल्लं पाण्यातल्या गोगलगायीतून रात्री बाहेर पडतात. बेडूकमाशाला गाठतात आणि नेमकी पाय फुटायच्या जागेभोवती कातडीखाली कोष करून बसतात. पायाच्या वाढीचं गणित बिघडतं. लंगडा, वेडावाकडा बेडूक धड उडी मारू शकत नाही आणि बगळ्याला आयतं जेवण मिळतं. बगळ्याच्या पोटात राइबेरॉया मोठा होतो, अंडी विष्ठेतून पुन्हा तळ्यात. आणि ती बिचारी गोगलगाय? तिची प्रजननशक्तीच हा कृमी संपवतो. जिवंत ठेवतो, पण स्वतःच्याच कामाला जुंपतो.

बेडूकमासे मुकाट सोसतात असं मात्र समजू नका! कृमीची पिल्लं अंगाला झोंबली की ते गिरक्या घेतात, झटके देतात, सुसाट पोहत सुटतात. जितकी चपळाई, तितके कोष कमी. दुसरीकडे, मूत्रपिंडात कोष करणाऱ्या एकायनोस्टोम या पर्णकृमींच्या तावडीत अगदी कोवळा बेडूकमासा सापडला, तर तो थेट जिवानिशी जातो. बालपणीचे ते काही दिवस निभावले तर पुढे बरेच कोष पचवतो.

यात माणसाचा हात किती? चांगलाच. शेतातलं खत पावसाबरोबर तळ्यात येतं, शेवाळ माजतं, शेवाळावर गोगलगायी माजतात आणि प्रत्येक गोगलगाय कृमीची जास्त पिल्लं बाहेर टाकू लागते. २००७ मध्ये जॉन्सन आणि मंडळींनी हे मोठमोठ्या टाक्यांत तळी उभारून दाखवलं. २००८ मध्ये जेसन रोर यांच्या गटानं मिनेसोटातल्या पाणथळींत अॅट्राझिन हे तणनाशक आणि फॉस्फेट या दोघांचा बेडकांतल्या कृमींच्या संख्येशी पक्का संबंध दाखवला. अॅट्राझिन गोगलगायींची चलती करतं आणि वर बेडकाची प्रतिकारशक्ती पाडतं. डबल धमाका, पण दुःखाचा.

आणि आता ट्विस्ट! २०१३, ‘नेचर’ नियतकालिक, पुन्हा जॉन्सनच. कॅलिफोर्नियातली शेकडो तळी तपासली. ज्या तळ्यात उभयचरांच्या जाती जास्त, तिथे राइबेरॉयाचा प्रसार मोठ्या फरकानं कमी. एकाच जातीच्या तळ्यांच्या तुलनेत सुमारे ७८ टक्क्यांनी कमी! का? जिथे फक्त एखाददुसरी जात टिकते, तिथे ती नेमकी कृमीला सहज बळी पडणारी असते. बाकीच्या जाती आल्या, की कृमीची पिल्लं चुकीच्या यजमानांवर वाया जातात. त्यातून टाचणी या चतुराच्या नातलग किड्याच्या अळ्यांसारखे शिकारी ही पोहणारी पिल्लं चक्क खातातही. जितकी गर्दी, तितकी सुरक्षा!

धावता राउंड: दम धरा!

काटेरी डोक्याच्या कृमीला तोंड नाही, आतडं नाही. आकड्यांची सोंड बेडकाच्या आतड्यात रुतवायची आणि कातडीनंच जेवायचं.

नेमॅटोटीनिया हा पट्टकृमी, पण पट्टीसारखा चपटा नाही. गोल दोरा! घराण्याचा नियमच मोडला.

हत्तीरोग डासांतून पसरतो ना? त्याच कृमींचे नातलग, फोलिएला, बेडकांतही असतात आणि तेही डासांच्याच खांद्यावर बसून येतात. डास कुणालाच सोडत नाही.

ओस्वाल्डोक्रुझिया हा बेडकाच्या आतड्यातला सूत्रकृमी. रिओ शहरातल्या पीतज्वराशी लढलेले ब्राझीलचे डॉक्टर ओस्वाल्दो क्रूझ यांच्या सन्मानार्थ लाउरो त्राव्हासोस यांनी १९१७ मध्ये हे नाव दिलं. कुणाचा पुतळा, कुणाचा चौक, कुणाचा जंत!

स्यूडोकॅपिलॅरॉइडिस झेनोपी हा लॅबमधल्या झेनोपसच्या कातडीतच बोगदे खणतो. कातडी पापुद्रे पडून सोलवटते.

गांडुळाचा एक छोटा नातलग, डेरो हायली, चक्क झाडावरच्या बेडकांच्या मूत्रनलिकेत राहतो. मातीत राहायचं सोडून कुठे गेला बघा!

आणि उलटा किस्सा. नाकतोड्याच्या भाऊबंदांत राहणारा केसकृमी. बेडकानं तो किडा गिळला तर कृमीही गेला ना? नाही! पॅरागोर्डियस ट्रायकस्पिडेटस बेडकाच्या तोंडातून किंवा नाकातून सरपटत बाहेर निसटतो, ठणठणीत. २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. घशात गेलेलं बाहेर काढणं यालाच म्हणतात.

जरा सीरियस होऊ या

बेडकातला एक कृमी माणसाच्या वाट्याला जाऊ शकतो: स्पायरोमेट्रा. त्याचं खरं घर म्हणजे मांजर-कुत्र्याचं आतडं, बेडूक हा वाटेतला थांबा. कच्चं किंवा अर्धंकच्चं बेडकाचं मांस खाल्लं, दूषित पाणी प्यायलं किंवा पूर्व आशियातल्या काही जुन्या उपचारांप्रमाणे बेडकाचं कच्चं मांस डोळ्यावर बांधलं, तर त्याची अळी माणसाच्या अंगात शिरते. ब्रिटनमधल्या एका रुग्णाच्या मेंदूतून सेंटिमीटरभर लांबीची अशी अळी निघाल्याचं २०१४ मध्ये छापून आलं. स्कॅनमध्ये दिसलं, की चार वर्षांत ती मेंदूत निदान पाच सेंटिमीटर फिरली होती! शास्त्रज्ञांनी तिचाच जीनोम वाचून काढला.

तेव्हा गोव्यातल्या ‘जंपिंग चिकन’ची चव कुणी रंगवून सांगितली तर स्पष्ट नाही म्हणा. भारतात बेडकाच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद झाली, आणि कायद्यानं संरक्षित बेडूक पकडून ताटात घालणं हा गुन्हा आहे. बेडूक तळ्यात शोभतो, ताटात नाही.

आणि आपल्या सह्याद्रीत?

सह्याद्रीत शिरण्याआधी जरा ईशान्येकडे डोकावू या. भारतीय बेडकांच्या कृमींची कहाणी शिलाँगला सुंदर रंगली. मेघालयात झाडावर राहणाऱ्या, हिरव्यागार रॅकोफोरस मॅक्सिमस या बेडकाच्या मूत्राशयातून १९९१ मध्ये पॉलिस्टोमा इंडिकम ही नवी जात जगासमोर आली. ती शोधणाऱ्या जोडीतल्या एक होत्या डॉ. वीणा टंडन, नॉर्थ-ईस्टर्न हिल युनिव्हर्सिटीतल्या परजीवीशास्त्राच्या दिग्गज. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कृमींच्या अभ्यासाला पद्मश्री! टाळ्या!

आता हिशोब करा. बहुतेक पॉलिस्टोम भलते इमानी असतात, एका जातीच्या बेडकाचे ते त्याच जातीचे. आणि सह्याद्रीत बेडकांच्याच नव्या जाती अजून सापडतायत. आंबोलीच्या कातळांवरचा चिमुकला भेक, झँथोफ्रायन टायगरिना, त्याचं नामकरणच २००९ मध्ये झालं. २०१४ मध्ये सत्यभामा दास बिजू आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातून पाय नाचवणाऱ्या बेडकांच्या एकदम १४ नव्या जाती जाहीर केल्या. जिथे यजमान इतके नवे, तिथे पाहुण्यांची यादी किती लांबेल!

आणि बेस्ट पार्ट? पॉलिस्टोम शोधायला बेडूक मारावा लागत नाही. बेडकाला थोडा वेळ स्वच्छ पाण्यात ठेवायचं आणि ते पाणी मायक्रोस्कोपखाली बघायचं. मूत्राशयातला पॉलिस्टोम अंडी घालत असेल तर ती पाण्यात उतरलेली असतात. बेडूक परत त्याच्या जागी, तुमची वही भरलेली.

तेव्हा प्राणिशास्त्र शिकणाऱ्या दोस्तांनो, वनखात्याची रीतसर परवानगी काढा, कॉलेजच्या मायक्रोस्कोपवरची धूळ झटका आणि या पावसाळ्यात तुमच्या गावच्या तळ्यापासून सुरुवात करा.